कोरड्या विहिरींचा नकाशा

चैत्रातल्या त्या दुपारी कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास चिकलठाण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत भरून राहिला होता, आणि त्यात तापलेल्या लॅपटॉपचा करपट दर्प मिसळला होता. खिडकीखाली टँकरभोवतीची भांडणं पेटत होती, विझत होती. पलीकडे अर्धवट इमारतींचे उघडे गज उन्हात थरथरल्यासारखे दिसत होते. या शहराला पाणी पुरत नव्हतं आणि तरीही ते वाढत होतं, तापात पोर उंच व्हावं तसं.

संगणकाची पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते. क्रांती चौकातल्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, पदवी सगळ्यांकडेच असते. स्वतःच्या हातचं काम इंटरनेटवर मांडून ठेव, म्हणजे कंपन्या आपणहून विचारत येतील. म्हणून मी पोर्टफोलिओ उभारायला घेतला. वर नाव, फोटो, आणि खाली माझे छोटे छोटे प्रोग्रॅम: आकडेमोड करणारं एक पान, हवामान सांगणारं दुसरं. प्रत्येक शिकाऊ मुलानं केलेली ती कामं. तिकडे कुणी फिरकलंही नाही.

आमचं गाव बिडकीनच्या पुढे. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं आहेत, थोडी जमीन आहे आणि तिच्यात एक विहीर. पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली त्या वर्षी, कुठल्या विहिरीवर मेंढरं पाजता येतील हे आप्पा आणि त्यांचे सोबती एकमेकांना फोन करून विचारत. त्यावरूनच मला सुचलं. मी पंचक्रोशीचा नकाशा केला. प्रत्येक विहीर म्हणजे एक ठिपका. पाणी असेल तोवर निळा, आटली की तपकिरी. मेंढपाळ फोनवरून खबर देत आणि मी रंग बदलत असे. त्यांचे हेलपाटे वाचू लागले, तेव्हा आपली विद्या प्रथमच कुणाच्या तहानेपर्यंत पोहोचली असं वाटून मन भरून आलं. तो नकाशा मी पोर्टफोलिओत अगदी वर ठेवला. एकेक निळा ठिपका मावळत गेला, आणि पडद्यावर ती तपकिरी छटा मात्र विलक्षण देखणी दिसू लागली.

एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. पडद्यावर सौम्य आवाजाचे एक गृहस्थ होते. प्रोग्रॅमविषयी त्यांनी जुजबीच विचारलं. मग म्हणाले, सर्वांत आधी कुठल्या विहिरी आटल्या? शेजारच्या गावांचाही असा नकाशा होईल का? ठिपक्यांना शेतमालकांची नावं जोडता येतील का? पाण्याची एखादी योजना असावी, असं मला वाटलं. होईल, म्हटलं. दोनच दिवसांत नोकरी देऊ केल्याचा मेल आला.

हे आप्पांना सांगावं म्हणून फोन उचलते तोच त्यांचाच फोन आला. पांढऱ्या गाडीतून दोन माणसं गावात येऊन गेली होती.

"लई चांगली माणसं व्हती, माय," आप्पा म्हणाले. "तुझं नाव घेतलं त्यांनी. म्हणून च्या पाजला."

"कशाला आली होती?"

"जमीन इकायची का, इचारत व्हते." मग म्हणाले, "रस्ता मात्र कुणालाच इचारला नाय. नीट आपल्या हिरीवर येऊन थांबले."

उन्हानं खोली भाजत होती. मी लॅपटॉपवर नकाशा उघडला. ती माणसं आणखी कुणाकुणाकडे गेली ते मी विचारत गेले. आप्पा नावं सांगत होते, मी ठिपके पाहत होते. जिथे पाणी आधी संपलं, तिथे गाडी आधी थांबली होती. आमच्या बांधाला लागून असलेल्या किसनकाकांनी त्याच दिवशी होकार दिला होता.

मी नकाशा काढून टाकला. दुसऱ्या सकाळी आप्पांनी विचारलं, नकाशा दिसत नाही, मेंढरं कुठं न्यायची? तेव्हा फक्त मेंढपाळांनाच उघडता येईल असा तो पुन्हा केला. नोकरी नाकारली, तुमच्याकडचा नकाशा पुसून टाका, असंही त्या गृहस्थांना कळवलं. उत्तर तत्परतेनं आलं, अतिशय अदबीचं. कार्यालयाच्या उपयोगासाठी प्रत आधीच घेतलेली आहे. तुमची जागा मात्र अजून राखून ठेवली आहे.

रविवारी मी गावी गेले. किसनकाकांच्या रानात खुंट ठोकले होते, त्यांना बांधलेल्या लाल चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. आप्पा विहिरीच्या काठावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वाकून आत पाहिलं. तळाशी नुसता भेगाळलेला गाळ होता.

"आवंदा तरी नाय इकायची," ते म्हणाले.

यंदापुरत्याच त्या 'आवंदा'पाशी माझं मन अडकून पडलं. कधीतरी पाऊस येईल, या दगडांतून पुन्हा झरे पाझरतील, मेंढरं इथं माना खाली घालून पाणी पितील. पण कुठल्याशा थंडगार कार्यालयातल्या त्या प्रतीत आमची विहीर आटलेलीच राहील, आणि तिच्याकडे पाहणारं कुणीतरी पुढच्या उन्हाळ्याची शांतपणे वाट पाहत असेल.