रेकॉर्डबाईंची डावी बाजू

रेकॉर्डबाईंच्या लक्षात सोसायट्यांची नावं कधी राहिली नाहीत. सोसायटीचं दुखणं मात्र एकदा ऐकलं की पक्कं. आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. जुन्या इमारती पाडून नव्या बांधायला निघालेल्या सोसायट्यांचे नकाशे, परवानग्या, करारमदार हे आमचं काम. उपनगरातल्या निम्म्या सोसायट्या साईबाबांच्या नावाने, उरलेल्या गणपतीच्या. नावावरून ओळखणार काय? म्हणून बाईंच्या तोंडी मुलुंडची एक सोसायटी 'गळका जिना' होती, घाटकोपरची एक 'दोन सेक्रेटरी', आणि बोरिवलीच्या ज्या सोसायटीत तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत सही दिली नाही, ती नुसती 'आजोबा'. "आजोबांचा जिन्याचा नकाशा काढ रे," असं त्या म्हणाल्या की नवी पोरं आधी हसायची, मग काढून द्यायची.

आडनाव परब. पण त्यांना रेकॉर्डबाईच म्हणायचे, कारण त्या आल्या तेव्हा ऑफिसात रेकॉर्डची खोली होती. लोखंडी कपाटं, दोऱ्याने बांधलेल्या फायली, आणि मधोमध बाई. पुढे सगळं स्कॅन होऊन सर्व्हरवर गेलं, कपाटं भंगारात गेली, खोलीची पँट्री झाली आणि बाईंना कॉम्प्युटर मिळाला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बघणारा माणूस मी. तेव्हाही, आजही. फोल्डरात फोल्डर, त्यात वर्ष, त्यात वॉर्ड, त्यात आणखी फोल्डर, हे बाईंना सोसेना. "एवढी दारं उघडत कोण जाईल?" म्हणायच्या. मी त्यांना फायलींच्या खिडकीची डावी बाजू दाखवली. हवा तो फोल्डर तिथे आणून ठेवायचा, आपल्याला कळेल असं नाव द्यायचं, एकदा दाबलं की थेट आत. शॉर्टकट. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कपाट इथे आलं."

त्यानंतर बाई डाव्या बाजूवरच जगल्या म्हणायला हरकत नाही.

हळूहळू बाकीचेही येऊन सांगायला लागले, बाईंचंच आमच्याकडे टाक. माझ्याकडे त्याची सोय होती. एक यादी मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. सकाळी ज्याने त्याने कॉम्प्युटर चालू केला की तीच यादी प्रत्येकाच्या डाव्या बाजूला उतरायची. मी बाईंची नावं त्या यादीत घातली आणि कित्येक वर्षं अख्खं ऑफिस बाईंच्या नावांनी चाललं. एकदा घाटकोपरची कमिटी समोर बसलेली असताना आमचा इंजिनिअर बोलून गेला, "तुमचं ना, 'दोन सेक्रेटरी'मध्ये आहे." दोन्ही सेक्रेटरी तिथेच होते. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते आमच्याविरुद्धच्या तक्रारीवर. बाई म्हणाल्या, "बघ, जुळवून दिलं की नाही."

टेबलाशी कुणीही येवो, मोठे साहेब, चहावाला सुरेश किंवा क्रेडिट कार्ड गळ्यात मारायला आलेला पोरगा, बाईंचा प्रश्न एकच. "काय शोधतोयस?" साहेबांना "काय शोधताय?" एवढाच फरक. मान वर न करता विचारायच्या, आणि माणूस का कोण जाणे, खरं सांगायचा. मी एकदा नुसताच जाऊन उभा राहिलो होतो. "काय शोधतोयस?" "काही नाही." "मग उभा का? बस." ड्रॉवरमधून खडखडे लाडू काढून हातावर ठेवला. मालवणहून कुणी आलं की त्यांच्या ड्रॉवरला तो वास असायचा. का उभा होतो ते त्यांनी परत विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्याबद्दल त्या म्हणायच्या, "दीपकच्या पोटात गोष्ट राहते. सडेपर्यंत राहते." लोक हसायचे. मीही हसायचो.

मग बाई माझ्याकडे 'गळका जिना' डाव्या बाजूला घालून मागायला लागल्या. तो तिथेच होता. मी दाखवला. चार दिवसांनी परत आल्या. मी परत दाखवला. वय झालं, म्हटलं.

एकदा त्यांचा कॉम्प्युटर हळू चालत होता म्हणून त्या डबा खायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो. डावी बाजू लांबच लांब झाली होती. सोसायट्या संपल्यावर खाली आणखी नावं होती. 'मोठे साहेब, पांढरे केस.' 'सुरेश, चहा, मुलगी दहावीला.' 'लिफ्टमधून बाहेर आलं की उजवीकडे.' 'दीपक, खिडकीजवळ, चष्मा.' मी माझं नाव उघडलं. आत काहीच नव्हतं. सुरेश उघडला, तोही रिकामा. सगळेच रिकामे. ते उघडण्यासाठी नव्हतेच, सकाळी आल्यावर वाचण्यासाठी होते. वर बघितलं तर बाई डबा हातात घेऊन मागे उभ्या.

"काय शोधतोयस?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी मला मागच्या जिन्यात नेलं. तिथे कुणी येत नाही, रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात. बाई सरळ बोलल्या. डॉक्टरकडे एकट्याच जाऊन आल्या होत्या. आईलाही हेच होतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. दिंडोशीला धाकटा भाऊ, भावजय, पुतणी यांच्याबरोबर राहायच्या. तिथे अजून कुणाला पत्ता नव्हता.

"सांगून टाका ना घरी," मी म्हणालो.

"सांगितलं की कोंडतील."

"कोंडतील कशाला, बाई? तुमचा भाऊ चांगला आहे."

"चांगलाच आहे. आम्ही दोघांनी मिळूनच आईला कोंडलं होतं." बाई जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होत्या. "कामावर जायचं असायचं रे. बाहेरून कडी लावून निघायचो. ती आतून म्हणायची, कडी काढ गो बाय, माका घराक जावचा आसा. घरातच होती ती."

मी पायाशी आलेला रंगाचा डबा बाजूला सारला.

"रिटायर होईपर्यंत माझी डावी बाजू तेवढी सांभाळ. इथे येते तोवर मी बाहेर आहे."

"सांभाळतो," मी म्हणालो.

आणि सांभाळली. बाईंचा कॉम्प्युटर सगळ्यांच्या यादीतून बाहेर काढला, त्यांची यादी वेगळी केली. रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवरून तिच्यावर एक नजर टाकायचो. कधी एखादं नाव वाढलेलं असायचं. कधी तेच नाव दोनदा असायचं, तेव्हा मी एक काढायचो. मोठं काम नव्हतं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं का, साहेबांना, त्यांच्या भावाला, मला ठरवता आलं नाही. आता खरं लिहायचंच बसलोय तर हेही लिहितो: ते फक्त मला माहीत होतं, याचं मला बरं वाटत होतं.

पुढे मोठे साहेब घरी बसले आणि मुलगा आला. धाकटे साहेब. माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ऑफिसात आता बाहेरून आलेली पोरं होती, त्यांना 'आजोबा' म्हणजे काय ते कोण समजावणार? प्रत्येक सोसायटीला नंबर. सगळ्यांच्या डाव्या बाजूला तेच नंबर, त्याच क्रमाने. "मी कुठल्याही मशीनवर बसलो तरी मला सेम दिसलं पाहिजे," तो म्हणाला. मी यादी केली, ज्याने त्याने स्वतः घातलेलं पुसून सगळीकडे उतरवली, बाईंचा कॉम्प्युटर तेवढा वगळला. मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "सगळे झाले ना?" मी म्हणालो, "हो."

एक राहिलाय, त्याला कारण आहे, एवढंच म्हणायचं होतं. तो ऐकणारा होता.

शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता तो सहज म्हणाला, सोमवारी मी दोनचार मशीन स्वतः बघतो. याहून जास्त काही झालं नाही. मला कुणी दमात घेतलं नाही, नोकरीचा प्रश्न नव्हता. माझं 'हो' खोटं निघेल एवढंच होतं. मी खुर्चीत परत बसलो आणि बाईंचा कॉम्प्युटर सगळ्यांच्या यादीत टाकला. सोमवारी लवकर येईन, त्यांना आधी सांगेन, नंबर आणि नावं शेजारी शेजारी लिहून देईन, असं ठरवून मुलुंडला घरी गेलो.

सोमवारी लवकर आलोही. बाई आल्या. मी म्हणालो, "गुड मॉर्निंग, बाई." त्याही म्हणाल्या. मग मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे काही काम नव्हतं. नुसता पंख्यांचा आवाज असतो तिथे.

त्या दिवशी नेमकी घाटकोपरची कमिटी आली. जुनं संमतिपत्र हवं होतं, इंजिनिअरने बाईंना नंबर सांगितला. मी तोवर बाहेर आलो होतो, काचेतून दिसत होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन सेक्रेटरी कुठे गेले?" त्यांनी विचारलं. त्यातला एक सेक्रेटरी हसून म्हणाला, "इथेच आहोत की, बाई." सगळे हसले. बाईही थोडं हसल्या. मग उठल्या आणि न अडखळता पँट्रीत गेल्या. जिथे कपाटं होती तिथे. सिंकवरच्या फडताळाचं दार उघडून एकेक कप काढून ओट्यावर ओळीने मांडायला लागल्या. सगळे कप निघाले तरी आत हात घालून चाचपत होत्या.

मी मागोमाग पँट्रीच्या दारापर्यंत गेलो. सुरेश तिथेच होता. त्याने विचारलं, "बाई, काय पाहिजे? मी देतो ना."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

सुरेश माझ्याकडे बघायला लागला. त्याची ओळख मीच शुक्रवारी पुसली होती.

धाकट्या साहेबाने सगळं नीट केलं. बाईंना बसवलं, पाणी दिलं, भावाला फोन लावला, स्वतःच्या गाडीने दिंडोशीला पाठवलं. संध्याकाळी मला बोलावून विचारलं, "तुम्हाला काही कल्पना होती?" मी म्हणालो, "नाही." त्याच संध्याकाळी मी बाईंची डावी बाजू होती तशी परत लावली. दुसऱ्या दिवशी ती सगळी नावं तिथे होती. खुर्चीत कुणी नव्हतं. बाई परत आल्याच नाहीत.

अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल किंवा होऊन गेली असेल. ती गेल्यावर तिची नावं काही दिवस तोंडात राहतात. आमच्याकडे आज सगळीकडे नंबर आहेत, पण जुनी माणसं फोनवर अजून 'आजोबा'च म्हणतात. बाईंचा कॉम्प्युटर भंगारात गेला. त्यांची वेगळी यादी माझ्याकडे तशीच आहे. ती आता कुठेच उतरत नाही.

जायचं जायचं म्हणत बरीच वर्षं गेली. बायकोलाही यातलं काही सांगितलेलं नाही. परवा दिंडोशीला कोर्टात ऑफिसचं काम निघालं, तिथून बाईंची वसाहत जवळ. पुतणीने दार उघडलं, आता मोठी झाली आहे. कोण, कुठले सांगितल्यावर म्हणाली, "या ना काका, आत्ते आत आहे," आणि आतल्या खोलीची कडी काढली. कडी बाहेरून होती.

बाई पलंगावर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, गाऊन स्वच्छ, खिडकी उघडी. त्यांचं सगळं व्यवस्थित होतं, हे लिहायला हवं. त्या घरातल्या कुणाचीही काही चूक नाही. पुतणीला पोळ्या करायच्या होत्या, ती ओट्याशी गेली. बाईंनी मान वर न करता विचारलं,

"काय शोधतोयस?"

आवाज तोच. मी सांगितलं. सगळं सांगितलं, 'हो' कुठे म्हणालो, 'नाही' कुठे म्हणालो, सर्व्हरच्या खोलीत कसा उभा राहिलो. इतकं सलग मी आयुष्यात बोललो नसेन. बाई सोसायटीवाल्यांचं ऐकायच्या तसंच लक्ष देऊन ऐकत होत्या, मधे मधे मान हलवत. मग मी थांबलो.

"मग उभा का?" त्या म्हणाल्या. "बस."

मी बसलो. त्यांनी उशाशी हात घालून काहीतरी शोधलं, मिळालं नाही, हात काढून घेतला. नंतर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी कोण आलोय ते बहुतेक विसरल्या होत्या, किंवा माहीतच नव्हतं. मी उठलो. "येतो, बाई," म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मी खोलीबाहेर आलो तेव्हा पुतणी ओट्यापाशी कणीक मळत होती. तिने कोपरापर्यंत माखलेले हात वर करून दाखवले.

"काका, तेवढी कडी लावाल? माझे हात पिठाचे आहेत."

मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. नवी होती, तेल घातलेली. आवाज न होता लागली.