दीपमालेचे पन्नास नमुने आणि रविवारचा पेपर

दीपमाला माझ्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी, एक वळकटी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. बूट तिनं दाराबाहेर ठेवले. मी डायरीत लिहिलं, "नवी भाडेकरू. वय वीस. सोयगावची. विद्यापीठात वनशास्त्र, दुसरं वर्ष." ते बूट मी जाता-येता दोनदा उभी राहून पाहिले, ते लिहिलं नाही.

तिचे वडील कडुबा वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर. मातीनं पिशव्या भरण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. आई साळूबाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. दीपमाला लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर पिशव्या भरायची, आणि तिथंच तिनं ठरवलं की बाप मजूर आहे त्या खात्यात आपण अधिकारी व्हायचं. हे तिनं मला मेथी निवडता निवडता सांगितलं, उद्या सिल्लोडला जाऊन यायचंय अशा थाटात.

मी याच शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला पानं दाबून वाळवायला शिकवायच्या. वनस्पतिशास्त्रात मी पहिली यायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी झाडांच्याच पुढच्या शिक्षणाची माहिती मागवली. उत्तराचं पत्र वडिलांनी वाचलं, घडी केली आणि विचारलं, "जंगलात मुलीचं काय काम?" त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. यजमान सज्जन होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी मला हवी तेवढी झाडं लावू दिली. गच्चीवर चौदा कुंड्या मावल्या.

दीपमाला संध्याकाळी यायची ती हातावर ओरखडे घेऊन. एकदा अंगणातल्या कडुनिंबाला छातीच्या उंचीवर फीत लावून तिनं घेर मोजला.

"आजी, एकशे नव्वद सेंटिमीटर. कुणी लावला हा?"

"मी."

"मग तुम्ही आमच्या सिनियर की."

ती हसली. मला हसू आलं नाही. ज्या झाडाला मी पन्नास वर्षं पाणी घातलं, त्याचा घेर मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं.

कडुबांचा दर रविवारी फोन यायचा. तिचा फोन लागला नाही की माझ्या फोनवर. "मावशी, पोरगी तरास तं देत नाय ना? लई बडबडी हाय ती." एवढं बोलताना त्यांच्या आवाजात जो अभिमान असायचा, तो मी माझ्या वडिलांच्या आवाजात कधी ऐकला नाही. फोन ठेवल्यावर मला चहा नकोसा व्हायचा.

श्रावण संपत आला तेव्हा तिचं मोठं काम चाललं होतं. पन्नास वनस्पतींचे नमुने गोळा करून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून परीक्षेला द्यायचे होते. बाहेरून परीक्षक येणार होते. त्यांतले अकरा नमुने शेवटच्या खेपेचे, ओलेच होते, आणि तेवढ्यात पोळा आला. ती चार दिवस घरी निघाली. जाताना दोन फळ्यांत पट्ट्यानं आवळलेला गठ्ठा माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. रद्दी दमट झाली होती म्हणून तिनं त्या दिवशीचा, रविवारचा कोरा पेपर घडी घडी करून मधे घातला होता.

"आजी, लई काम नाय. रोज सकाळी ओला पेपर काढायचा, कोरडा घालायचा. नाहीतर बुरशी धरती. तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

सोमवारी सकाळी मी पट्टा सोडायला हात लावला. वरच्याच घडीतून अंजनाच्या झाडाचं जोडपान डोकावत होतं, सोयगावच्या डोंगरातलं. शेजारी तिच्या अक्षरातली चिठ्ठी: गोळा करणाराचं नाव, दीपमाला कडुबा. मी पट्टा पुन्हा आवळला. मंगळवारीही तेच केलं. बुधवारीही. डायरीत मात्र तिन्ही दिवस लिहिलं, "दी.चे पेपर बदलले." छप्पन्न वर्षांच्या डायऱ्यांत जाणूनबुजून लिहिलेलं तेवढंच खोटं.

गुरुवारी ती आली, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन.

"बदलले ना, आजी?"

"रोज."

तिनं गठ्ठा उघडला. अकराही नमुने काळे पडले होते, कडांना पांढरी बुरशी. ती एकेक कागद उलटत गेली, सावकाश. मग म्हणाली, "हवाच वंगाळ होती," आणि गठ्ठा घेऊन वर गेली.

पुढचे दोन दिवस ती पहाटे बाहेर पडायची आणि अंधारल्यावर यायची. जिन्यावर भेटली तर "जेवलात का?" एवढंच. शनिवारी मी डायरी उघडली आणि पेन टेकेना. वर गेले. ती जमिनीवर बसून शहरातल्याच हिमायतबागेतून आणलेल्या फांद्या कातरत होती.

"मी पेपर बदलले नाहीत," मी म्हणाले. "एकही दिवस."

"माहीत आहे."

"कसं?"

"आत रविवारचाच पेपर होता, आजी. सोमवार ते गुरुवारचे तुमच्या टेबलावर घड्या करून ठेवलेले. तारखेवारी."

इतकी वर्षं प्रत्येक पानावर तारीख घालणारी मी, पेपरावरही तारीख असते हे विसरले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का बघत होते." तिनं कात्री खाली ठेवली. "का केलं?"

"तुझा हेवा वाटतो. तू आलीस त्या दिवसापासून."

मी म्हणाले, माझ्याकडे कॉलेजातले नमुने आहेत, अंजनाचाही आहे, घे.

"त्याच्यावर नाव तुमचं हाय," ती म्हणाली. "ते मी कसं देऊ? आठ मिळाले इथं. सोयगावचे तीन गेले. परत जायला येळ नाय." मग फांद्यांचा गठ्ठा तिनं माझ्याकडे सरकवला. "ह्यांचे पेपर बदला रोज. मी बघणार नाय."

नऊ दिवस मी सकाळी सहाला पेपर बदलले. तिनं एकदाही पट्टा सोडून पाहिलं नाही. सत्तेचाळीस नमुने तिनं दिले. परीक्षकांनी अंजन कुठं आहे असं विचारलं, तिनं खराब झाला म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. तीन नमुन्यांचे गुण कापले गेले, आणि वर्गातला पहिला नंबर तिच्याऐवजी विश्वजीत नावाच्या मुलाला मिळाला.

मी डायरीतल्या त्या तीन ओळी लाल शाईनं खोडल्या आणि शेजारी खरं लिहिलं. दीपमाला आता तिसऱ्या वर्षाला आहे, वरच्याच खोलीत. बूट दाराबाहेर असतात. हेवा अजून वाटतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिनं सोयगावहून अंजनाची नवी डहाळी आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी फळ्या ठेवल्या, आणि त्या दिवशीचा पेपर.