पुतण्याच्या प्रभागाला हरकत

मुकुंदवाडीत आमच्या शेजारी राहणारे काका काहीही बोलण्याआधी चष्मा पुसतात. समोरच्याला वाटतं, विषय संपला. मग ते सुरू करतात.

महापालिका निवडणुकीआधी प्रभागांचा नवा आराखडा लागला. आमच्या मागची बौद्धवस्ती त्यात मधोमध चिरून दोन प्रभागांत वाटली गेली होती. तिथल्या मतांचा जोर दोन्हीकडं विरून जाणार होता आणि फायदा काकांच्याच पुतण्याला होणार होता, कारण तो तिथूनच उभा राहत होता आणि वस्तीची मतं त्याला मिळणारी नव्हती. तरीही काकांनी हरकत घेतली.

सुनावणीला मी सोबत गेलो. पुतण्या दारातच आडवा आला.

“काका, घरच्याच पोराच्या आड येता व्हय?”

काकांनी चष्मा पुसला. “तू लई मतांनी निवडून ये. पण त्यांची वस्ती तोडून नाय.”

आत साहेबांसमोर ते एवढंच म्हणाले, “वस्ती एक, नळ एक, रस्ता एक. मग प्रभागही एकच ठेवा.”

हद्द बदलली. पुतण्या थोडक्या मतांनी पडला. त्या दिवाळीत त्याच्या घरून फराळ आला नाही.

“मत मी त्यालाच दिलं होतं,” काका मला एकदा म्हणाले. पुतण्याला त्यांनी ते अजून सांगितलेलं नाही.