मागचं चाक मी फिरवलं

आमच्या पोरीने स्वतःच्या हाताने सायकल बनवली. ती बघून मला पहिला धक्का बसला तो हा, की तिला मागचा ब्रेकच नव्हता. विसरली म्हणावं तर तसंही नाही, मुद्दाम लावला नव्हता. पुढच्या चाकाला एवढासा एक ब्रेक, तोही आईचं तोंड बंद करायला लावलेला. मी विचारलं, "अगं, मागचा कुठाय?" तर म्हणते, "पप्पा, मागचा ब्रेक म्हणजे माझे पाय."

तीस वर्षं झाली, आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत मी मेंटेनन्स फिटर आहे. पंप उघडायचे, गळती बंद करायची, नटबोल्ट आवळायचे, यात आयुष्य गेलं. आमच्याकडे नियम आहे. नट पूर्ण आवळला की नटावरून बोल्टपर्यंत पेंट मार्करने एक पांढरी रेघ मारायची. नट ढिला पडला की रेघ तुटलेली दिसते, आणि लांबूनच कळतं. हाताला इतकी सवय लागलीय की आमच्या घरच्या पंख्याच्या, पलंगाच्या, शिलाई मशीनच्या नटांवरसुद्धा माझ्या रेघा आहेत. पोर लहानपणी पाहुण्यांना हात धरून दाखवायची, "ही बघा पप्पांची सही." आणि ही तीस वर्षं मी कंपनीत सायकलनेच जातो. अशा माणसाला सायकल शिकवायला निघाली ही, वय वर्षं चोवीस. डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

तरी ऐकून घेतलं. तिचं म्हणणं असं, की आपल्या साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक पळत राहतं, मागून कटकटकट आवाज येतो आणि आपण नुसतं बसून राहायचं. तिच्या सायकलला फिक्स गिअर. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुमची इच्छा असो नसो. वेग कमी करायचा तर पायांनी पायडल मागे रेटायचं. तसं फ्रीव्हीलही तिने बसवलं होतं, पण चाकाच्या दुसऱ्या बाजूला. "कधी वाटलं तर चाक काढायचं आणि उलटं फिरवून लावायचं. पंधरा नंबरचा पाना, दोन नट. झालं काम." हे तिनेच मला दाखवलं. माकडाच्या हाती कोलीत दिलं म्हणा ना.

खोटं कशाला बोलू, काम मात्र तिने एक नंबर केलं होतं. उल्हासनगरच्या एका शेठकडून जुनी लोखंडी फ्रेम आणली, घासली, रंगवली. स्पोक स्वतः भरले, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, स्वतः काढला. चाक फिरवून बघितलं तर केसाएवढंही हलत नव्हतं. मी तोंडाने काही बोललो नाही, पण कंपनीत चार जणांना सांगितलं.

मग एका रविवारी सोसायटीच्या आवारात ती सायकल मी चालवायला घेतली. दोन चकरा बऱ्या झाल्या. तिसऱ्या चकरेला वॉचमनजवळ उतरायचं म्हणून, आयुष्यभर उतरतो तसा, पायडल मारणं थांबवलं. थांबवलं म्हणजे मी थांबवलं, सायकलने कुठे थांबवलं? खालून पायडल उसळून आलं, नडगी सोलवटून गेली आणि मी जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळलो. वॉचमन हसला. पोरगी धावत आली, मला उठवलं आणि म्हणाली, "ती फुकट बसू देत नाही पप्पा. सारखं लक्ष द्यावं लागतं."

नडगी चार दिवसांत बरी झाली. भीती काही जाईना. आमची सोसायटी टेकाडावर आहे. गेटमधून बाहेर पडलं की सरळ उतार, आणि उतार संपतो तिथे मोठा रस्ता, शिफ्टच्या माणसांसाठी थांबलेल्या रिक्षा, टेम्पो. पोरगी रोज सकाळी त्या उतारावरून बदलापूरला लॅबमध्ये कामाला जायची. एकुलती एक पोर. पायडलवरून पाय सटकला तर? मला जे फेकलं तसं तिला टेम्पोखाली फेकलं तर? मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला जे जमत नाही ते सगळं तुम्हाला धोक्याचं वाटतं." हे माझ्या जिव्हारी लागलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मायलेकी साखरपुड्याला गेल्या होत्या. मी गॅलरीत सायकल उलटी केली, पंधरा नंबरचा पाना घेतला, चाक काढलं, फिरवून फ्रीव्हीलच्या बाजूने लावलं. दहा मिनिटांचं काम. पुढचा ब्रेक आहेच, आता मागे फ्रीव्हीलही आलं, म्हणजे चार माणसांसारखी सायकल झाली. दोन दिवस चालवेल, मग हसत हसत सांगू, काय गं, पडला का काही फरक? असा माझा हिशेब. त्या रात्री जेवताना मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी सकाळी ती उशीर झाला म्हणून घाईत निघाली. आमची लिफ्ट बंद, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरून सायकल तिने नेहमीसारखी खांद्यावर टाकून नेली. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा. गेटबाहेर ती सायकलवर बसली, तीन-चार पायडलं मारली आणि उतार लागला. तेवढ्यात तो आवाज आला, कटकटकट. माझ्या सायकलचा ओळखीचा आवाज. देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं.

मग तिचे पाय मागे गेले. वेग कमी करायला ती पायडल मागे रेटत होती आणि तिथे रेटायला काही नव्हतंच. पाय मोकळेच उलटे फिरले. एकदा, परत एकदा. तिने खाली बघितलं. सायकल सुटली होती, पुढे रिक्षा होत्या. तिने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक वर उचललं गेलं आणि माझी पोर हँडलवरून पलीकडे गेली.

चहाचा कप कधी पडला ते मला आठवत नाही. जिना कसा उतरलो तेही नाही. डोक्यात एकच चाललेलं, हे मी केलं, हे मी केलं. ती रस्त्यावर कुशीवर पडली होती, हनुवटी रक्ताने भरलेली, आणि सायकल तिच्या तोंडापासून हातभर लांब. रिक्षावाल्यांनीच उचलून दवाखान्यात नेली.

खांद्याचं हाड मोडलं, हनुवटीला पाच टाके. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट होतं म्हणून निभावलं. माझी बायको रडत रडत त्या सायकलीच्या नावाने बोटं मोडत होती. "जाळून टाका ती अवदसा. ब्रेक नाही काही नाही. ह्यांनी किती वेळा सांगितलं होतं तिला." ह्यांनी म्हणजे मी. मी मान खाली घालून उभा.

तेव्हा पोरगी सुजलेल्या तोंडाने बोलली, "आई, सायकलला नको बोलूस. मागचं चाक उलटं लागलं होतं. मीच लावलं असेल चुकून."

तोंड उघडायची तीच वेळ होती. नाही उघडलं. केमिकलची लाइन फुटली तर पहिला आत शिरणारा माणूस मी, पण त्या दिवशी बोबडी वळली. मनाला म्हटलं, आज नको, तिला बरं वाटू दे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि माझी पाठ थोपटायचे, तुम्ही बरोबर बोलत होतात हो. मी ऐकून घ्यायचो. लाज कोळून प्यायलो होतो म्हणा.

असे एकोणीस दिवस गेले. सायकल गॅलरीत, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला, तशीच उभी. पोरगी तिच्याकडे फिरकायची नाही. विसाव्या दिवशी, रविवार होता, आम्ही दोघं चहा घेत होतो. बायको आत भाजी चिरत होती. पोरगी म्हणाली, "पप्पा, ती भंगारवाल्याला देऊन टाका. मला आता चाकाला हात लावायची इच्छा नाही."

केसाएवढंही न हलणारं चाक बनवणारे हात ते. माझ्या एका भेकडपणामुळे ती आता स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसणार, असं मला वाटलं. मी कप खाली ठेवला आणि एका दमात बोललो. "तू नाही लावलंस. रविवारी तुम्ही साखरपुड्याला गेलात तेव्हा मी फिरवलं चाक. मला वाटलं, फ्रीव्हील म्हणजे बरं. तुला पाडलं ते मी."

मला वाटलं ओरडेल, रडेल. तिने चहाचा घोट घेतला.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"रस्त्यावर पडले होते तेव्हापासून. मागचं चाक तोंडासमोरच होतं. नटावर पांढरी रेघ होती."

ती रेघ मारल्याचं मला आजही आठवत नाही. हाताने आपलं आपण मारली असणार.

"मग आईसमोर मीच लावलं असं का म्हणालीस?"

"तुम्ही लगेच 'नाही, मी लावलं' म्हणाल असं वाटलं होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "एकोणीस दिवस वाट बघितली. काल रात्री ठरवलं, आता नाही बघायची."

मी उठून गॅलरीत गेलो, वाकून बघितलं. चिमटा वाकला होता, हँडल फिरलं होतं, पुढच्या चाकाचे स्पोक तुटले होते. मागचा नट मात्र आवळला होता तिथेच होता, आणि त्याच्यावरची रेघ सरळ, कुठेही न तुटलेली. माझं काम चोख होतं.

मग मी आत जाऊन बायकोला म्हटलं, जरा बाहेर ये, तुला एक सांगायचंय.