गाडीकडे पाठ

अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. इतकी वर्षं गाडी त्याच्याकडेच नेते, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं आणि पाय नको तितका खोल जातो. ती हवा काढताना पेडलवर पाय मालकाचाच हवा, हा त्याचा हट्ट. तो चाकाशी आडवा होतो आणि खालून ओरडतो, "दबाव... दबाव... पकडो! छोडना नक्को, मॅडम." मग तो चाकामागचा स्क्रू ढिला करतो आणि बुडबुड्यांसकट तेल बाटलीत उतरतं. स्क्रू आवळून होईपर्यंत मी पाय उचलायचा नाही. चारी चाकांना हेच.

शेवटी हात पुसत तो गल्लीत जाऊन उभा राहतो, गाडीकडे पाठ करून, आणि हाताने बोलावतो. मी गाडी त्याच्या अंगावर न्यायची आणि ब्रेक दाबायचा.

पहिल्यांदा मी घाबरून विचारलं होतं, "नहीं रुकी तो?"

"मेरी गलती, मेरे उप्परच आना," तो म्हणाला.

परवा मला धीरच झाला नाही. मी बरीच अलीकडे गाडी थांबवली. त्याने मानही वळवली नाही.

"डर के दबाए. पिच्छे लेओ, फिर से आओ."

मी गाडी मागे घेतली. मला त्याचा रागच आला. या माणसाच्या घरी वाट बघणारं कुणी आहे का, तेही मला ठाऊक नव्हतं. त्याने शर्ट खाली ओढून नीट केला आणि पुन्हा हात हलवला.