वजनाच्या दिवशी किंजल

दांडी गावच्या अंगणवाडीत हेमांगी बाय सतरा वर्षं पोरांची वजनं करतेय. एवढ्या वर्षांत तिने दोन काटे, चार सुपरवायझर आणि स्वतःचे गुडघे झिजवले. वरकमाई म्हणाल तर एकच: बोट लागली की कोणीतरी ताजे बोंबील तिच्या ओट्यावर ठेवून जायचं. बहुतेकदा शेजारची वत्सलाच.

वत्सला भावाची पोर सांभाळायची. किंजल, चार वर्षांची. आई वारलेली, बाप शैलेश आठ-आठ दिवस समुद्रात. गेल्या महिन्यात वजनासाठी फ्रॉक काढला तेव्हा पाठीवर भाजल्याचा एक डाग दिसला.

"चा सांडला गो," वत्सला म्हणाली.

हेमांगीने मान डोलावली. सकाळचे बोंबील अजून फ्रीजमध्ये होते.

या महिन्यात वजन आठशे ग्रॅमने कमी आणि डाग तीन. तिन्ही सरळ, उलथन्याच्या दांड्याएवढे. चहा काही इतक्या शिस्तीत सांडत नाही.

"कोनी केला?" तिने हळूच विचारलं. किंजलने काट्याच्या झोळीतूनच तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

त्या दुपारी हेमांगीने तीनदा फोन उचलून खाली ठेवला. चौथ्यांदा मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला लावला. "माजा नाव कुठं येऊ नका देऊ," हे मात्र चारदा बजावलं.

नाव त्यांनी खरंच सांगितलं नाही. जीप आली, डॉक्टरांनी पाठ तपासली, वत्सलाचा जबाब झाला. आठवडाभरात पोर घिवलीला आजीकडे गेली.

मदतनीस ठकी टोप घासता घासता म्हणाली, "बाय, नाव कशाला सांगाया पायजे? त्या पोरीचा फ्रॉक काढतं कोन? न्हानीत वत्सला नि काट्यावर तू. वत्सला काय सोताच फोन करनार हाय?"

एवढी साधी गोष्ट हेमांगीला सुचली नव्हती.

ओटा तेव्हापासून कोरडा. पुढच्या वजनाला बावीसपैकी नऊ पोरं आली. "कपड्यावरच कर बाय," आया म्हणाल्या, "नायतर आमच्याकडंबी जीप यायची."

"यील की. रस्ता म्हायत झालाय तिला," हेमांगी म्हणाली आणि एकेकाचा शर्ट काढायला लागली. कोणी हसलं नाही.

उरलेल्या तेरांसाठी काटा खांद्यावर टाकून ती दारोदार निघाली, तोच घिवलीच्या अंगणवाडी सेविकेचा, दीपाचा फोन आला.

"तुजी किंजल चारशे ग्रॅम वाढलीय. पन झोळीत घातली की माजा पदर पकडते, सोडतच नाय."

हेमांगी रस्त्यातच खाली बसली. गुडघ्यांना तेवढंच निमित्त.

"नको सोडवू," ती म्हणाली. "पदरासकट वजन कर. जरा जास्त भरंल, भरू दे."

मग उठली. पहिलं दार वत्सलाच्या जावेचं होतं.