खाचराच्या चाकाची सायकल

सत्तर-पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या सानगडीकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हना. मंडईत पाहुने येतात अन् सोयरिकी जुळतात. त्या साली माह्यासाठी पोरीचा बाप येनार होता. याच्या आधीचे दोघं मले पाहून गेले ते फिरकलेच नाही. हाही गेला असता तं मायनं मले गोठ्यातच बांधलं असतं.

तेवढ्यात शाळेच्या गुरुजीनं मंडईसाठी जुन्या सायकलीचा देखावा काढला. पुस्तकातले चित्र दाखवत म्हने, पैल्या सायकलीले पायडलच नव्हते, मानूस पायानं जमीन लोटत जाये. मंग पायडल आले, पन पुढच्या चाकाले.

"अन् चेन कुठं हाय जी?" मी विचारलं.

"चेन निघालीच नव्हती बाबू. म्हनून चाक मोठं केलं. एका चक्करात लंबा पल्ला."

"मंग एवढ्या वर बसे कोन?"

"हिंमतवाला."

मले सही येत नाही, पन तोंड लई चालते. "मी बसतो," म्हनून मोकळा झालो.

गावच्या वाढ्यानं, म्हंजे सुतारानं, खाचराचं म्हंजे बैलगाडीचं चाक पुढं लावलं, त्याले पायडल ठोकले, मागं इतकुसं चाक. सीट माह्या डोक्याइतकी उंच. मंडईच्या दिवशी सकाळपासून भेवानं हातातला परसाकडचा लोटा सुटला नाही. त्यात माय सांगत आली, "पाहुना आला. पिवळा दुपट्टा हाय. नीट वाग रे बापा."

ओट्यावरून मले वर चढवलं. वरून सगळ्यात आधी पिवळा दुपट्टाच दिसला. गुरुजीनं लोटलं, लोकायनं टाळ्या वाजवल्या, अन् चाक खाचराच्या चाकोरीत शिरलं. खाचराचंच चाक ते, असं फिट बसलं का निघता निघेना. आमच्या गावची चाकोरी सिधी बोडीवर, म्हंजे तळ्यावर जाते, बैलाले पानी पाजाले. रस्ता सारा उताराचा. पायडल आपल्याच मनानं गरगर फिरून राहिले. मी पाय वर घेतले.

"गुरुजी, बिरेक कुठं हाय?"

गुरुजी मागून पळता पळता वरडले, "तोही निघाला नव्हता रे!"

बोडीच्या गाऱ्या-चिखलात मुंडक्यावर पडलो. हात धरून कोनीतरी वर ओढलं. डोळ्यातला गारा पुसला तं समोर पिवळा दुपट्टा.

"उतराची सोय नव्हती तं चढलास काहून गा?"

"चित्रातला मानूस बसूनच होता जी."

मंग पाहुना आमच्या घरी आला. आमच्याकडं सोयरीक मनात नसली का पाहुना चहा घेऊन उठते, अन् जेवाले बसला का पक्की. मायनं चहा देल्ला. पुरा पिऊन तो उठला.

"शेती कशानं करता?" त्यानं मायले विचारलं.

"बैलानं जी."

"बैल कोन हाकते? हाच का?"

"नाही जी, याचा बाप."

पाहुन्यानं दुपट्टा खुटीले अडकवला.

"मंग वाढा."